बेड्यांचं चित्र आणि मैत्रीचं कलम

१५ फेब्रुवारी २०२५, शनिवार. त्या संध्याकाळी चेन्नईत, मदुराईत, कोइमतूरमध्ये आणि आपल्या माटुंगा-धारावीतही अनेक तमिळ वाचकांनी नेहमीच्या सवयीनं मोबाइलवर ‘विकटन’ची वेबसाइट उघडायला घेतली, तर ती उघडेना. कुणाला वाटलं नेट गेलं असेल, कुणाला वाटलं कंपनीचं यंत्र बिघडलं असेल. रात्रीपर्यंत बातमी पसरली की बिघाड वगैरे काही नाही, वेबसाइटला टाळं लागलं आहे. आणि ते कुणी लावलं, याचा कागद खुद्द ‘विकटन’च्या कचेरीतही पोचलेला नव्हता.

मराठी वाचकाला ‘विकटन’ म्हणजे काय हे सांगायला हवं. तेनालीरामच्या गोष्टी वाचताना आपल्याकडच्या मुलांनाही ‘विकटकवी’ हा शब्द भेटतो. विकटन हा त्याच गोतावळ्यातला शब्द. विकटन म्हणजे थट्टेखोर, चेष्टा करता करता चिमटा काढणारा. ‘आनंद विकटन’ हे साप्ताहिक १९२६ साली निघालं आणि दोन वर्षांतच ते एस. एस. वासन यांनी विकत घेतलं. हे वासन म्हणजे जेमिनी स्टुडिओवाले, ‘चंद्रलेखा’ चित्रपटातल्या त्या प्रचंड नगाऱ्यांच्या नाचाचे वासन. ‘कल्की’ या नावानं तमिळनाडूच्या घराघरांत पोचलेले कृष्णमूर्ती आधी इथंच लिहीत. ‘तिल्लाना मोहनांबाळ’ ही कादंबरी इथंच क्रमशः आली आणि तिच्यावरून शिवाजी गणेशन यांचा गाजलेला चित्रपट निघाला. कथा, विनोद, पाककृती, देवळांची माहिती, सिनेमाची परीक्षणं आणि अधूनमधून राजकारण्यांना टोचणी असा सगळा संसार. आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांनी एकाच अंकासाठी भांडावं, असं हे घरगुती साप्ताहिक. बॉम्ब बनवायची कृती छापणारं पत्र नव्हे.

मग झालं काय?

त्याच महिन्यात, ५ फेब्रुवारीला, अमेरिकेचं एक लष्करी विमान अमृतसरला उतरलं. अमेरिकेत बेकायदा शिरलेले १०४ भारतीय त्यातून परत पाठवण्यात आले होते. हरियाणाचे ३३, गुजरातचे ३३, पंजाबचे ३०, आणि तिघे आपल्या महाराष्ट्राचेही. त्यांच्या हातात बेड्या आणि पायांत साखळ्या होत्या. जमिनी विकून, कर्ज काढून, दलालांच्या हाती लाखो रुपये देऊन गेलेली ही माणसं कैद्यासारखी परतलेली पाहून देशभर हळहळ झाली, संतापही झाला. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत निवेदन केलं. माणसं परत पाठवणं नवीन नाही, विमानात अशी बंधनं घालण्याची अमेरिकेची पद्धत २०१२ पासूनची आहे, स्त्रिया आणि मुलांना ती घातली जात नाहीत असं अमेरिकेनं कळवलं आहे आणि परतणाऱ्यांना वाईट वागणूक मिळू नये यासाठी सरकार अमेरिकेशी बोलत आहे, असा त्याचा मथितार्थ. त्याच दिवशी विरोधी पक्षांचे काही खासदार संसदेच्या आवारात हातात बेड्या घालून उभे राहिले. ते दृश्य त्या रात्री सगळ्या वाहिन्यांवर होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांतही होतं.

‘विकटन प्लस’ हे या घराण्याचं नेटवरचं नियतकालिक. त्याच्या १० फेब्रुवारीच्या अंकावर व्यंगचित्र आलं. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प बसले आहेत आणि शेजारी आपले पंतप्रधान नरेंद्र मोदी, हातापायांत बेड्या घातलेले. पंतप्रधान तेव्हा अजून वॉशिंग्टनला पोचायचे होते. ट्रम्प यांच्याशी त्यांची भेट झाली ती १३ तारखेला. चित्राचा रोख उघड होता. आपल्या माणसांना बेड्या घालून आणलं आणि आपला प्रमुख त्यावर बोलत नाही, हे चित्रकाराला म्हणायचं होतं.

हे चित्र अनेकांना रुचलं नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. देशाच्या पंतप्रधानाला परक्या देशाच्या प्रमुखाशेजारी जखडलेला दाखवायचं, हा घाव थेट स्वाभिमानावर बसतो. भाजपचे तेव्हाचे तमिळनाडू प्रदेशाध्यक्ष के. अण्णामलई यांनी १५ तारखेला केंद्रीय माहिती व नभोवाणी राज्यमंत्री एल. मुरुगन यांच्याकडे आणि प्रेस कौन्सिलकडे तक्रार केली. इथवर सारं रीतसर. चित्र आवडलं नाही तर तक्रार करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पक्षाध्यक्षालाही. पण तक्रारीचा दिवस मावळतो न मावळतो तोच वेबसाइट बंद पडली. मंत्रालयाची नोटीस आली दुसऱ्या दिवशी आणि समितीपुढं बाजू मांडायला बोलावणं त्यानंतर. आधी टाळं, मग नोटीस, मग सुनावणी, असा क्रम. नियमांत तशी सोय आहे खरी. तातडीचं प्रकरण असेल तर आधी बंद करायचं आणि ४८ तासांत ते समितीपुढं ठेवायचं. आता पाच दिवस लोकांसमोर असलेलं एक व्यंगचित्र सहाव्या दिवशी संध्याकाळी एकाएकी इतकं तातडीचं कसं झालं, असा प्रश्न चेन्नईत पत्रकारांना पडला. त्यांनी निदर्शनं केली. मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन आणि ‘द हिंदू’चे एन. राम यांनीही निषेध केला.

प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं तेव्हा केंद्राच्या वतीनं जे कारण पुढं आलं, ते मोठं लक्षात घेण्यासारखं आहे. या चित्रानं देशाचं सार्वभौमत्व आणि परकीय देशांशी असलेले मैत्रीचे संबंध बाधित होतात, असं ते कारण. म्हणजे पंतप्रधानांची बदनामी हा मुद्दा नव्हता. भारत-अमेरिका मैत्रीला धोका, हा मुद्दा होता.

हे ‘मैत्रीचे संबंध’ आपल्या कायद्यात आले कुठून? गंमत अशी की ती कहाणीही मद्रासपासूनच सुरू होते, आणि तिचं दुसरं टोक आपल्या मुंबईत आहे.

१९५० साली मुंबईहून ‘क्रॉस रोड्स’ नावाचं एक इंग्रजी साप्ताहिक निघत असे. संपादक रोमेश थापर. इतिहासकार रोमिला थापर यांचे बंधू, आणि पुढं ‘सेमिनार’ मासिक काढणारे ते हेच. पत्राचा कल डावीकडचा. मद्रास राज्यात तेव्हा कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सालेमच्या तुरुंगात गोळीबार होऊन २२ कैदी ठार झाले होते आणि वातावरण तापलं होतं. मद्रास सरकारनं १ मार्च १९५० ला हुकूम काढला की ‘क्रॉस रोड्स’ला राज्यात प्रवेश नाही. राज्यघटना अमलात येऊन तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. थापर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ मे १९५० ला निकाल लागला आणि बंदी रद्द झाली. निकाल लिहिला तो न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांनी, आणि ते स्वतः मद्रासचेच! सार्वजनिक सुरक्षितता एवढ्या ढोबळ कारणावरून वृत्तपत्राचं तोंड बांधता येत नाही, राज्याच्या मुळावर घाव घालणारं काही असेल तरच ते चालेल, असं न्यायालयानं सांगितलं. सहांपैकी एकच न्यायमूर्ती, फझल अली, या मताशी सहमत नव्हते.

त्याच दिवशी आणखी एक निकाल लागला. दिल्लीच्या ‘ऑर्गनायझर’ या साप्ताहिकाला तिथल्या चीफ कमिशनरनं फर्मावलं होतं की जातीय स्वरूपाचा मजकूर, तसंच पाकिस्तानविषयीच्या बातम्या आणि मतं, छायाचित्रं आणि व्यंगचित्रंसुद्धा, छापण्यापूर्वी तपासायला आणून द्यायची, तीही दोन प्रतींत. व्यंगचित्र आणि शेजारी राष्ट्र यांची सरकारी कागदावर गाठ पडली ती अशी, तब्बल पंचाहत्तर वर्षांपूर्वी. सर्वोच्च न्यायालयानं तोही हुकूम रद्द केला. एक पत्र डाव्यांचं, दुसरं संघाच्या विचाराचं. दोघांनाही एकाच दिवशी एकाच न्यायालयात न्याय मिळाला, ही आठवण दोन्हीकडच्या मंडळींनी जपून ठेवायला हवी.

सरकार मात्र अस्वस्थ झालं. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. एप्रिल १९५० मध्ये नेहरू-लियाकत करार झाला होता आणि त्याच्या विरोधात श्यामाप्रसाद मुखर्जी मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. सीमेच्या दोन्ही बाजूंची काही पत्रं रोज आग ओकत होती. वर्षभरातच, मे १९५१ मध्ये, पंडित नेहरूंनी हंगामी संसदेत पहिल्या घटनादुरुस्तीचं विधेयक आणलं. भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी बंधनं घालता येतील, त्या यादीत तीन नव्या गोष्टी आल्या: सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी, आणि परकीय देशांशी मैत्रीचे संबंध. विरोध जोरात झाला. मुखर्जींबरोबर कृपलानी आणि हृदयनाथ कुंझरू यांनीही टीका केली. फाळणी ही चूक होती असं म्हणणाराही उद्या यात सापडायचा, अशी मुखर्जींची धास्ती. नेहरूंचं म्हणणं वेगळं होतं. एखाद्याच्या करणीतून लढाईच पेटणार असेल तर कोणतंही राज्य स्वातंत्र्याच्या नावाखाली ते सोसणार नाही, असं त्यांचं उत्तर. कायदामंत्री डॉ. आंबेडकरांनीही दुरुस्तीची बाजू मांडली. शेवटी २२८ विरुद्ध २० मतांनी ती मंजूर झाली. विरोधाचा एक उपयोग मात्र झाला. बंधन ‘वाजवी’ असलं पाहिजे, हा शब्द त्यात घातला गेला. त्या एका शब्दाच्या जोरावर आजवर किती खटले लढले गेले आहेत!

याच नेहरूंनी तीन वर्षांपूर्वी, १९४८ साली, ‘शंकर्स वीकली’ या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाचं उद्घाटन केलं होतं आणि शंकर यांनी आपल्यालाही सोडू नये अशी इच्छा व्यक्त केली होती, असं सांगतात. माणूस तोच. फक्त प्रसंग बदलला होता.

इंग्रजांनीही याच्या आधी असा एक कायदा करून ठेवला होता. १९३२ सालच्या त्या कायद्यानं हिंदुस्थानला लागून असलेल्या देशांच्या राज्यकर्त्यांची छापील बदनामी हा खास गुन्हा ठरवला होता. मैत्रीचं कलम हे नवं रोप नव्हतं, जुन्याच मुळाला फुटलेला कोंभ होता.

घटनेत आलेले हे शब्द नंतर दीर्घकाळ फारसे चर्चेत नव्हते. पुढं माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली आणि ते ‘६९-अ’ या कलमात येऊन बसले. नेटवरचा मजकूर बंद करण्याचा अधिकार सरकारला देणारं हे कलम. मराठी वाचकांना त्याच कायद्यातलं ‘६६-अ’ अधिक ओळखीचं असेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिला व ती पसंत करणाऱ्या मैत्रिणीला अटक झाली, ते त्याच कलमाखाली. (स्वतः बाळासाहेब ‘मार्मिक’चे व्यंगचित्रकार. दिल्लीपासून मुंबईपर्यंत त्यांच्या कुंचल्यातून सुटलं कोण?) त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला ‘६६-अ’ रद्द केलं. ‘६९-अ’ मात्र ठेवलं. कारण त्यात म्हणे कार्यपद्धती आहे, कारणं लेखी द्यावी लागतात, समिती आहे, सुनावणी आहे. ‘विकटन’च्या वाचकांना त्या शनिवारी यातलं नेमकं काय दिसलं? फक्त न उघडणारं पान.

‘विकटन’ला हा अनुभव पहिला नाही. १९८७ च्या मार्च महिन्यात त्याच्या मुखपृष्ठावर एक विनोदी चित्र आलं. दोघांपैकी आमदार कोणता आणि मंत्री कोणता? उत्तर असं की खिसेकापू दिसतो तो आमदार आणि दरोडेखोर दिसतो तो मंत्री. झालं! तमिळनाडू विधानसभेचा हक्कभंग झाला. मुख्यमंत्री होते एमजीआर आणि सभापती पी. एच. पांडियन. सभापतीचे अधिकार आभाळाएवढे असतात असं मानणारे हे गृहस्थ. संपादक एस. बालसुब्रमण्यन हे वासन यांचे चिरंजीव. त्यांनी माफी मागायला नकार दिला, तेव्हा ४ एप्रिलला त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी सुनावण्यात आली. एका विनोदाला तीन महिने! देशभरच्या पत्रकारांनी असा गहजब केला की दोनच दिवसांत त्यांना सोडावं लागलं. बालसुब्रमण्यन तेवढ्यावर थांबले नाहीत. ते न्यायालयात गेले, आणि १९९४ साली मद्रास उच्च न्यायालयानं ती अटकच बेकायदा ठरवून नाममात्र एक हजार रुपये भरपाई दिली. सात वर्षं लागली. पण तेव्हा छापील अंक लोकांच्या घरी पोचलेला होता. संपादक तुरुंगात होते तेव्हाही तो अंक कुणाच्या तरी टीपॉयवर पडलेलाच होता. आता संपादक बाहेर असतात आणि अंकच नाहीसा होतो, एका चित्रासकट सगळी वेबसाइट. पाककृतीसुद्धा.

आणि मैत्री? ती खरोखर व्यंगचित्रानं तुटते का?

चेन्नईचाच आणखी एक प्रसंग पाहू. १ ऑगस्ट २०१४ ला श्रीलंकेच्या संरक्षण मंत्रालयाच्या वेबसाइटवर एक लेख आला. मच्छीमारांच्या अटकेबद्दल मुख्यमंत्री जयललिता पंतप्रधानांना पत्रं लिहीत, त्या पत्रांना मथळ्यात ‘प्रेमपत्रं’ म्हटलेलं आणि वर तसंच अभिरुचिहीन चित्र. तमिळनाडू पेटून उठला, पुतळे जळले, तमिळ चित्रपटसृष्टीनं निदर्शनं केली, संसदेत गोंधळ झाला. भारतानं तीव्र निषेध नोंदवला आणि श्रीलंकेनं लेख काढून बिनशर्त माफी मागितली. इथं दोन देशांच्या संबंधांवर ताण आला तो योग्यच होता. कारण ती वेबसाइट सरकारची होती. सरकारच्या भिंतीवर लिहिलेलं सरकारच्याच तोंडून निघालेलं मानलं जातं.

वृत्तपत्राचं तसं नाही. अमेरिकेच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं सप्टेंबर २०१४ मध्ये, आपलं मंगळयान मंगळाभोवती पोचल्यावर, एक व्यंगचित्र छापलं. श्रीमंत देशांच्या अंतराळ क्लबाच्या दारावर गाय घेऊन आलेला भारतीय शेतकरी टकटक करतो आहे. भारतीय वाचक संतापले, पत्रांचा पाऊस पडला आणि वृत्तपत्रानं काही दिवसांत माफी मागितली. त्या चित्राबद्दल कुणी ओबामांना जाब विचारला नाही, कारण ते चित्र ओबामांचं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. परराष्ट्र खात्याच्या माणसाला हे ‘ते आमचं नव्हे’ म्हणणं किती सोयीचं असतं! ‘आमच्याकडं वृत्तपत्रं स्वतंत्र आहेत, आम्ही त्यांना काही सांगू शकत नाही’ एवढं एक वाक्य बोललं की राजदूताचा चहा गार होण्याआधी विषय संपतो. पण एकदा का सरकारनं एक चित्र मैत्रीसाठी काढून टाकलं, की उद्या दुसऱ्या देशाचा राजदूत येऊन विचारणार, त्यांच्यासाठी काढलंत, आमच्यासाठी का नाही? आणि जे चित्र काढलं नाही, ते सरकारला मान्य आहे असं समजायचं का?

जर्मनीनं हा धडा किंमत मोजून घेतला. मार्च २०१६ मध्ये यान ब्योमरमान या विनोदवीरानं दूरचित्रवाणीवर तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्यावर अत्यंत शिवराळ कविता म्हटली. परकीय राष्ट्रप्रमुखाच्या अपमानाचं एक जुनं कलम जर्मन कायद्यात होतं, आणि त्याखाली खटला चालवायला सरकारची परवानगी लागे. तुर्कस्ताननं ती मागितली. चॅन्सेलर मर्केल यांची कोंडी झाली. परवानगी दिली तर घरात बोंब, नाकारली तर दारात. निर्वासितांच्या प्रश्नावर तुर्कस्तानची मदत हवी होती. त्यांनी परवानगी दिली, पण त्याच वेळी हे कलमच मोडीत काढण्याचं जाहीर केलं. चौकशी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंद झाली आणि १ जानेवारी २०१८ पासून ते कलम जर्मन कायद्यातून गेलं. असं कलम हातात असणं हेच सरकारला ओझं होतं, हे त्यांना कळलं.

‘विकटन’च्या बाबतीत आणखी एक गोष्ट राहून राहून खटकते. चित्रात बेड्या होत्या, पण त्या चित्रकारानं कल्पनेतून काढलेल्या नव्हत्या. परत पाठवलेल्या माणसांना बेड्या घातलेल्या फिती खुद्द अमेरिकेच्या यंत्रणेनं अभिमानानं जगापुढं ठेवल्या होत्या. त्या फितींनी मैत्री बिघडली नाही आणि चित्रानं बिघडली, हे हरियाणाच्या किंवा महाराष्ट्राच्या त्या घरांना, जिथं मुलगा मनगटावर वळ घेऊन परतला, समजावून सांगायचं कसं?

६ मार्च २०२५ ला मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. भरत चक्रवर्ती यांनी अंतरिम आदेश दिला. ‘विकटन’नं ते वादग्रस्त चित्र असलेलं पान तूर्त काढून घ्यावं आणि ते काढल्यावर सरकारनं बाकीची वेबसाइट खुली करावी. मधला रस्ता. चित्रानं खरोखर मैत्रीला बाधा येते की नाही, तो निवाडा त्या दिवशी झाला नाही. टाळं लागल्यापासून एकोणीस दिवस झाले होते. दरम्यान ते चित्र मोबाइलवरून इतकं फिरलं होतं की तमिळचं एक अक्षर न येणाऱ्यांनीही ते पाहिलं, आणि ‘विकटन’ हे नाव पहिल्यांदाच ऐकलेल्या कितीतरी लोकांनी त्याचा अर्थ काय म्हणून विचारलं.